मतदार नोंदणीची सेवा : बीड जिल्ह्यातल्या एका घराचा अनुभव

गेल्या काही वर्षांत मतदार यादीशी संबंधित जवळजवळ प्रत्येक प्रकारचे काम आमच्या घरात निघाले. धाकट्या मुलीचे नाव नव्याने नोंदवायचे होते, सुनेचे नाव तिच्या परभणी जिल्ह्यातल्या माहेराहून आमच्या गावच्या यादीत आणायचे होते, वडिलांच्या निधनानंतर त्यांचे नाव कमी करायचे होते आणि आईच्या नोंदीतले वय दुरुस्त करून घ्यायचे होते. त्याशिवाय शेजारच्या वस्तीवरची काही कुटुंबे मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येत असतात. या सगळ्या कामांच्या आधारे माझे जे मत झाले आहे ते असे, की नवीन नाव नोंदवण्याची सोय आज खरोखर चांगली झालेली आहे. परंतु एकदा चढलेले नाव अचूक आणि अद्ययावत ठेवण्याचे काम अजूनही एका माणसाच्या घरभेटीवर अवलंबून आहे आणि त्या घरभेटीची वेळ आमच्या भागातल्या कष्टकऱ्यांच्या वर्षाशी जुळत नाही.

आधी चांगल्या बाजूबद्दल लिहितो, कारण तिची दखल फारशी घेतली जात नाही. पूर्वी १ जानेवारी हा वर्षातला एकमेव अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होता. फेब्रुवारीत अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागे आणि दरम्यान निवडणूक आली तर त्याला मतदानाचा हक्क मिळत नसे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आणि २०२२ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. माझ्या मुलीचा वाढदिवस मार्चमधला असल्याने या बदलाचा लाभ तिला थेट मिळाला. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे वार्षिक पुनरीक्षणाच्या, म्हणजे यादीच्या फेरतपासणीच्या, काळातच तिचा नवीन नावासाठीचा सहा नंबरचा फॉर्म भरला, १ एप्रिलच्या दिनांकाने तो विचारात घेतला गेला आणि पुढे ओळखपत्र टपालाने घरी आले. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, वयाच्या पुराव्यासाठी दहावीची गुणपत्रिका, पत्त्यासाठी बँकेचे पासबुक आणि घरातल्या एका मतदाराचा ओळखपत्र क्रमांक एवढ्यावर काम भागले. आधार क्रमांक फॉर्ममध्ये विचारला जातो. मात्र पुरेशा कारणामुळे तो देता आला नाही म्हणून नाव नाकारता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच आहे. ही गोष्ट आमच्याकडच्या अनेक सेवा केंद्रांच्या चालकांनाही ठाऊक नसते.

शिकायला छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा पुण्यात राहणाऱ्या मुलांविषयी पालक मला नेहमी विचारतात. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर अथवा शिक्षणाच्या ठिकाणी, यांपैकी कोणत्याही एका जागी नाव नोंदवता येते. आम्ही गावचाच पत्ता दिला. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, हे मात्र मुलांना बजावून सांगणे आवश्यक आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव असणे वर्ज्य आहे आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मोबाइलवरून फॉर्म भरताना सर्वांत अधिक काळजी नावाच्या मराठी रूपाची घ्यावी. नाव इंग्रजीत टंकले की शेजारच्या रकान्यात ते आपोआप देवनागरीत उमटते आणि घाईत असलेला माणूस तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातो. मुळे या आडनावाचे ‘मुले’ होते, ढगे यांचे ‘धागे’ होते आणि काळे यांचे ‘काले’. आमच्याकडे यादी मराठीतच वाचली जाते, मतदान केंद्रावरचा कर्मचारी नाव मराठीतच पुकारतो, त्यामुळे ही चूक केवळ कागदावरची राहत नाही. तो रकाना हाताने दुरुस्त करता येतो. अर्ज पाठवण्यापूर्वी शेवटचे पान उघडून प्रत्येक अक्षर वाचावे, विशेषतः वडिलांचे किंवा पतीचे नाव, कारण सगळे लक्ष स्वतःच्या नावाकडे असते आणि चूक बहुधा मधल्या नावात राहून जाते.

अर्ज पाठवला की संदर्भ क्रमांक मिळतो आणि त्यावरून अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहता येते. येथपर्यंतची वाट सरळ आहे. पुढचा सगळा भार मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यावर, म्हणजे गावात ज्यांना सगळे ‘बीएलओ’ म्हणतात त्यांच्यावर येतो. आमच्या यादी भागाच्या बीएलओ या अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्यासोबत एकदा वस्तीवर गेलो असताना त्यांचे काम जवळून पाहिले. यादीच्या एका पानावर तीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. ताईंनी पाने पुठ्ठ्याला चिमट्याने लावली होती. मयत नावापुढे त्या लाल पेनने फुली करत, परगावी गेलेल्यांपुढे वर्तुळ काढत आणि नव्याने आलेल्या सुनांची नावे पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेत. वस्तीवरच्या घरांना ग्रामपंचायतीचा क्रमांक नसल्याने घर क्रमांकाचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच होता, आणि एकाच कुटुंबातली चार माणसे यादीत चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली होती. मी विचारले, “ताई, एवढी कुलपं दिसतात, मग तपासणी कशी करता?” त्या म्हणाल्या, “सर, फॉर्म आला की मला मोबाइलवर दिसतो. मी घरी जाते. पण दिवाळी झाली की वस्तीत म्हातारी माणसं अन् लेकरंच राहतात. गुढीपाडव्याशिवाय कोणी सापडत नाही. ‘आढळला नाही’ असं लिहायला माझा हात होत नाही, पण साहेब विचारतात, काम का पडून आहे म्हणून.”

या एका उत्तरात आमच्या जिल्ह्याची सारी अडचण आली आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, बाहेर पडतो आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये घरी परततो. याउलट १ जानेवारी या दिनांकावर आधारित वार्षिक पुनरीक्षणाची प्रारूप यादी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध होते, त्यानंतर दावे व हरकती घेतल्या जातात आणि अंतिम यादी जानेवारीत लागते. ज्या महिन्यांत यादी तपासायची, हरकत घ्यायची, दुरुस्ती मागायची, नेमक्या त्याच महिन्यांत ही माणसे सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, तोही हंगामाच्या तोंडाचाच काळ होता.

कायदा या बाबतीत या कुटुंबांच्या बाजूने आहे, हे मला ठामपणे सांगायचे आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. एखाद्या गावात केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही. त्याचबरोबर आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण संपतही नाही. हंगामापुरती ऊसतोडीला गेलेली माणसे या दुसऱ्या वाक्यात तंतोतंत बसतात. त्यांचे रेशनकार्ड गावात, लेकरांची शाळा गावात, म्हातारे आईवडील गावात आणि पाडव्याला परत येणेही गावातच. अशा माणसाच्या दाराला कुलूप दिसले म्हणून त्याला ‘स्थलांतरित’ ठरवणे कायद्याला धरून नाही. शिवाय राहते ठिकाण सोडल्याच्या कारणावरून यादीतले नाव काढण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे. मात्र ती नोटीस त्याच बंद दारावर चिकटवली जात असेल, तर त्या संधीचा उपयोग किती होणार, याचा विचार व्हायला हवा.

वस्तीवरच्या एका तरुणाचा फॉर्म मीच भरून दिला होता. तो हंगामावर असताना तपासणी झाली आणि अर्ज नाकारला गेला. पाडव्यानंतर तो परतला, पुन्हा अर्ज केला, ताई आल्या तेव्हा तो आणि त्याची बायको दोघेही घरी होते आणि काही आठवड्यांत पुरवणी यादीत दोघांची नावे आली. आता वर्षभर अर्ज घेतले जातात आणि चार अर्हता दिनांक आहेत, तेव्हा ऊसतोड कुटुंबांनी एप्रिल ते सप्टेंबर हाच आपला नोंदणीचा काळ मानावा, असे मी वस्तीवर सर्वांना सांगतो. प्रशासनानेही या जिल्ह्यांत घरभेटीची मुख्य फेरी याच महिन्यांत ठेवली, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. बेघर व्यक्तींच्या बाबतीत बीएलओने रात्री जाऊन ती व्यक्ती दिलेल्या ठिकाणी खरोखर झोपते का हे पाहावे, अशी सूचना भारत निवडणूक आयोगाने दिलेली आहे आणि तशी खात्री पटल्यास पत्त्याचा कागद मागितला जात नाही. पालावर राहणाऱ्यांची राहण्याची रीत ओळखून नियम करता येतो, तर कोयत्यावर जाणाऱ्यांचे वेळापत्रक ओळखणेही अशक्य नाही.

बीएलओंच्या कामाची कदर कमी होते, असेही माझे निरीक्षण आहे. अंगणवाडी, शाळा किंवा तलाठी कार्यालयातले मूळ काम सांभाळून हे काम करायचे असते. त्यांचे किमान वार्षिक मानधन २०२५ मध्ये ६,००० रुपयांवरून १२,००० रुपये करण्यात आले. हा निर्णय योग्यच आहे, तरी कामाचा व्याप पाहता ते अजूनही थोडकेच म्हणावे लागेल. त्याच वर्षी त्यांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचेही आयोगाने जाहीर केले. आमच्या भागात दुपारच्या वेळी घरात एकट्या असलेल्या स्त्रिया अनोळखी माणसाला कागद दाखवायला कचरतात, त्यामुळे हे ओळखपत्र अत्यंत गरजेचे होते.

सुनेचे नाव आणण्याचे काम सर्वांत अधिक रेंगाळले. ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलेल्या व्यक्तीला पुन्हा सहा नंबरचाच फॉर्म भरावा लागे, त्यामुळे माहेरच्या यादीतले नाव तसेच राही आणि सासरी दुसरे चढे. मराठवाड्यात लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जाणाऱ्या मुलींची दुबार नावे याच वाटेने मोठ्या प्रमाणात तयार झाली असावीत, असे मला वाटते. आता राहण्याचे ठिकाण बदलणे, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेल्या ओळखपत्राच्या जागी दुसरे मागणे आणि दिव्यांगत्वाची नोंद या चारही कामांसाठी आठ नंबरचा एकच फॉर्म आहे आणि ओळखपत्राचा जुना क्रमांक तोच राहतो. ही सुधारणा अतिशय उपयुक्त आहे. परंतु पत्त्याचा बदल आणि नावाची दुरुस्ती हे त्या फॉर्मवरचे वेगवेगळे पर्याय असल्याने लग्नानंतर पत्ता आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मुलीला दोन अर्ज करावे लागतात. आमचा पहिला अर्ज तालुक्याच्या निवडणूक शाखेत बराच काळ पडून राहिला. का, ते कोणी सांगितले नाही. बीएलओ ताईंनी स्वतः पाठपुरावा केला तेव्हा तो पुढे सरकला. ज्या घराला असा पाठपुरावा करणारे कोणी नाही, त्या घरातली सून सासरी आल्यावर कितीतरी वर्षे मतदानापासून दूर राहते, आणि माझ्या दृष्टीने या सेवेतला हा सर्वांत गंभीर दोष आहे.

वडिलांचे नाव कमी करण्यासाठी सात नंबरचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला दिला. काम विनासायास झाले. मृत्यू नोंदणीची माहिती निबंधकांकडून थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्याचे आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले आहे, तरी कुटुंबाने आपणहून अर्ज करणेच श्रेयस्कर, कारण खेड्यात मृत्यूची नोंदच अनेकदा उशिरा होते.

आईच्या वयाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिच्या पिढीतल्या बहुतेकांकडे जन्माचा दाखला नाही. जुन्या यादीत कोणीतरी अंदाजाने वय लिहिले आणि पुढे प्रत्येक यादीत तोच अंदाज चालत आला. आईचे वय यादीत प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी होते. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीपासून ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून टपाली मतदानाची सोय आहे. परंतु ही वयाची अट यादीतल्या नोंदीवरूनच पाहिली जाते. अंथरुणाला खिळलेल्या, पण यादीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दिसणाऱ्या माणसाला ती सोय मिळत नाही. जे कागद आहेत त्यांच्या आधारे वेळीच दुरुस्ती करून घेतली, तर ऐन निवडणुकीत धावपळ होत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज ओळखपत्राविषयी आहे. कपाटात कार्ड आहे म्हणून आपण मतदार आहोत, असे आमच्याकडे सुशिक्षित माणसेही मानतात. प्रत्यक्षात मतदान हे यादीतल्या नावावर होते. नाव यादीत असेल तर कार्ड नसतानाही आधार कार्ड, मनरेगाचे जॉब कार्ड, छायाचित्र असलेले पासबुक अशा मान्य कागदांपैकी एक दाखवून मतदान करता येते. नाव नसेल तर कार्ड कितीही जुने आणि खरे असले तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून वर्षातून निदान एकदा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक घालून नाव, यादी भाग आणि अनुक्रमांक पाहावा. जिल्ह्याचे नाव शोधताना गोंधळू नये: जिल्हा छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाला असला तरी २०२४ च्या निवडणुकांतही मतदारसंघांची नावे ‘औरंगाबाद पूर्व’, ‘उस्मानाबाद’ अशीच होती. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपरिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, मात्र त्यासाठी स्वतंत्र नोंदणी होत नाही. ठरावीक दिनांकाची विधानसभेची यादीच प्रभागांत विभागली जाते. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागल्यावर नव्याने नाव घालण्याची मागणी घेऊन येणारी माणसे निराश होतात, ती याचमुळे.

या सगळ्यासाठी शासन एक पैसाही घेत नाही. मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात फॉर्म भरून देण्याचे पैसे मागितले जातात, ते त्या दुकानदाराच्या मेहनतीचे असतात आणि ते द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु तेथे स्वतःचाच मोबाइल क्रमांक नोंदवावा, दुकानदाराचा नव्हे. ई-ओळखपत्र उतरवून घेताना आणि अर्जाची सूचना येताना तोच क्रमांक लागतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी बीएलओकडे छापील फॉर्म द्यावा किंवा १९५० या क्रमांकावर विचारणा करावी. छापील अर्जाचे मोल ऑनलाइन अर्जापेक्षा तसूभरही कमी नाही. एक मर्यादा लक्षात ठेवावी: उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता, बदलता किंवा काढता येत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्याने निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात.

अर्ज नाकारला गेला म्हणजे सर्व संपले, असे समजून आमच्याकडे बहुतेक लोक तेथेच थांबतात. वास्तविक मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्यांच्या निर्णयानेही समाधान झाले नाही, तर तीस दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. ही मुदत कारखान्याच्या तळावर, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या माणसाला कळेपर्यंत उलटून गेलेली असते. म्हणून अर्ज नाकारल्याच्या संदेशातच नकाराचे कारण, अपिलाची अंतिम तारीख आणि अपील कोणाकडे करायचे हे तिन्ही सोप्या मराठीत लिहिलेले असावे, आणि ऊसतोडीला गेलेल्या अर्जदाराचा अर्ज ‘आढळला नाही’ म्हणून निकाली काढण्याऐवजी पाडव्यापर्यंत प्रलंबित ठेवण्याची मुभा बीएलओला लेखी मिळावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.